कुठले सावंत?

"वयनी, हय सावंत पैशाक पासरी आसत. तुमचो खयचो?"

छावणीच्या फाटकावरचा जवान मालवणी निघाला आणि माझी पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे सासूबाईंनी मला चांगलंच बजावलं होतं. 'सावंतांना भेटायचंय' म्हटलं की भागेल, असं मला वाटलेलं. पण या पलटणीत सावंत विचारणं म्हणजे मासळीबाजारात बांगडा विचारणं.

सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर होता. लंकेत लढाई पेटलेली. आमचं लग्न मे महिन्यातलं. आठवड्याभरात तार आली आणि हे निघून गेले. त्या आठवड्यात घरात एवढे पाहुणे, की आम्ही दोघं धड बोललोही नव्हतो. आता लंकेला जाता जाता पलटण बोरिवलीच्या अलीकडे थांबली होती, संध्याकाळी निघणार होती. शेजाऱ्यांच्या फोनवर यांचा निरोप आला, "उत्तराला जमलं तर ये म्हणावं."

जमलं तर... या शब्दांनी मला वाकोल्याच्या घरापासून इथवर छळलं होतं. मी यांना खरंच हवी होते, की बायकोला कळवायचं म्हणून कळवलं होतं? तेवढं कळल्याशिवाय मी माघारी जाणार नव्हते.

"नाव सांगा मां, वयनी."

"नाव नाही घेत. पण... उंच आहेत," मी म्हटलं. "सावळे. डाव्या भुवईवर जुनी खोक आहे. हसायच्या आधी खाली बघतात... आणि हसले, की समोरच्याला आपण काय बोलत होतो तेच आठवत नाही."

जवान माझ्या मागे बघत गालातल्या गालात हसत होता.

"नाईक चंद्रप्रकाश सावंत हजर आहे," पाठीमागून आवाज आला. "एवढं कधी बघितलंस गं? मला वाटलं, तू आठवडाभर फरशीच बघत होतीस."

मी लाजेने अर्धी झाले. "तुम्ही... इथे कसे?"

"सकाळपासून हयच उभे आसत," जवानाने चुगली केली. "जेवूकसुद्धा गेले नाय."

यांनी खाली बघितलं. गणवेशात काय रुबाबदार दिसत होते! आणि कान मात्र लाल झालेले.

तेवढ्यात उन्हातच एक सर आली. आम्ही फाटकाशेजारच्या चिंचेखाली उभे राहिलो.

"उत्तरा, एक सांगू? मी परत नाही आलो, तर वाट बघत बसू नकोस. पुन्हा लग्न कर. आईला सांगून ठेवलंय मी."

हा माणूस स्वतःच्या मरणाबद्दल इतक्या शांतपणे बोलत होता, आणि काळजी करत होता माझी. मला त्यांचा अभिमान वाटला. रागही आला.

"वाट बघत बसणारी मी नाहीच," मी म्हटलं. "रोज अंधेरीला कामावर जाईन, रविवारी मैत्रिणींबरोबर भटकेन, तुमच्या आईशी भांडेन. पण सगळं तुमची बायको म्हणून. आवडलात तुम्ही मला... आता जा आणि या."

फाटकावरचे जवान बघत असताना त्यांनी सरळ माझा हात धरला. आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत असं करत नाहीत.

आत निघायची शिट्टी झाली. मी हात सोडवला नाही, त्यांनीच सोडवून घ्यावा म्हणून थांबले. त्यांनाही तो सोडवेना.