मागावरची गाठ

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

वंदना माझी मावसबहीण. धंतोलीतल्या एका लहान हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून तिनं बावीस वर्षं काढली. तिनं सांगितलं तसंच सांगते.

१७ एप्रिल २०१९. दुपारचे तीन.

टेबलावर प्रेमिला होती, उमरेडची विणकर. मांडीवरचं गळू कापायचं होतं. तिच्या गाऊनची नाडी तुटली होती. वंदना बांधायला गेली, तर म्हणाली, "राहू दे वं बाई, मी बांधतो. मागावरची गाठ हाये, सुटत नाई."

बारीक, चपटी गाठ. आमच्या आईची उमरेडची लुगडी उलट्या बाजूनं चाचपली की बोटांना अशाच गाठी लागायच्या.

"मले लय भेव लागून राहिलं. तू इथंच हायेस नं?"

"आहे ना. घाबरू नको."

भूल दिल्यावर श्वासासाठी घशात एक मास्क बसवतात. त्याच्या कडेला फुगा असतो. वंदना प्रत्येक मास्क आधी फुगवून बघायची. हवा धरली नाही, तर त्याला गॉजची पट्टी बांधून ठेवायची.

पट्टी म्हणजे बाद. तिथं सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी प्रेमिलाच्या मापाच्या मास्कला पट्टी होती. दुसरा निर्जंतुक व्हायला ऑटोक्लेव्हमध्ये होता, निघायला पंधरा मिनिटं होती.

भुलीच्या डॉक्टरांना पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं होतं. त्यांनी कात्रीनं पट्टी कापली.

"सर, तो फुगा…"

"दहा मिनिटांचं काम आहे, सिस्टर. आता तुम्ही मला शिकवून राहिल्या का?"

वंदना औजारांच्या ट्रेकडे वळली.

थोड्या वेळानं प्रेमिलाच्या तोंडातून आवाज यायला लागला… सूंऽऽ… हवा फुफ्फुसात जाण्याऐवजी बाहेर निसटत होती.

मास्क काढून श्वासाची नळी घालेपर्यंत प्रेमिला गेली होती.

"वंदना," डॉक्टर म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली. "तू मला बहिणीसारखी. फक्त एवढं लिही… मास्क तपासला, ठीक होता."

तिनं लिहिलं. सही केली.

बाहेर प्रेमिलाची मुलगी भूमिका उभी होती. "मावशी, माह्या मायले काय झालं वं?"

"हार्टचं होतं, बेटा."

दुसऱ्या सकाळी वंदनानं मास्कची सीलबंद पाकिटं उघडली…

प्रत्येक मास्कला गॉजची पट्टी होती.

आणि गाठ बारीक. चपटी.

महिन्याभरानं चौकशी झाली. डॉक्टरांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "तपासायचं काम सिस्टरचं. ही बघा सही."

तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

नोकरी गेली. वंदना घरी बसली. दुपारी कूलर बंद केला की…

सूंऽऽ…

तिनं सिलिंडर तपासला. नळ तपासले. कुठेच काही नाही.

एका दुपारी ती झोपेतून उठली. उजव्या मनगटावर गॉजची पट्टी होती. सही केली तोच हात.

तिनं कात्रीनं कापली.

दुसऱ्या दुपारी… पुन्हा.

शेवटी ती बसनं उमरेडला गेली. भूमिका मागावर बसली होती. वंदनानं सगळं सांगितलं. कापलेली पट्टी, तो आवाज, खोटी सही. मनगट मात्र पदराखाली धरून ठेवलं.

भूमिका पाणी द्यायला उठली. पेला घेताना वंदनाचा पदर सरकला.

"हे कोनं बांधली?"

"का गं?"

"हे तं मायची गाठ हाये."

वंदनानं हात पुढे केला. "तुला येत असेल. सोड ना, बेटा."

भूमिकाची बोटं गाठीपर्यंत गेली. मग मागे आली.

"मायनं बांधली. मी नाई सोडत."

गेल्या मे महिन्यात वंदना माझ्याकडे राहायला आली होती. नागपूरचं ऊन, आणि हिचा मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. 

दुपारी लाइट गेली. कूलर थांबला…

आणि तो आवाज मलाही आला.

मी गॅस बघायला उठले.

वंदनाचे डोळे उघडे होते, डावा हात उजव्या बाहीवर. ती उठली नाही.