राहून गेलेलं दुपारचं ऊन

"बाई, विमानाला काजळ लावताय का?"

मी पंखाखाली उभी राहून खिडकीच्या कडेनं काळी पट्टी चिकटवत होते. वळून पाहिलं, तर हातात टोपी, डोळ्यांत खट्याळ हसू.

"दृष्ट लागू नये म्हणून! आपण कोण?"

"याचा सारथी."

तेच नाव पडलं त्याला. आणि तो मला म्हणायचा – उन्हाच्या बाई.

माझं काम तसं सोपं. ओझोनमधून येताना सूर्यप्रकाशातले काही रंग गिळले जातात. विमानात बसून, खिडकीतून आलेल्या उन्हाचे रंग सुटे करायचे आणि किती कमी पडले ते मोजायचं. पण कमी म्हणजे कशापेक्षा? त्यासाठी भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, धावपट्टीवरच एक नोंद घ्यायची. संध्याकाळचं सगळं ऊन त्या नोंदीशी ताडून बघायचं.

दोन महिने रोज संध्याकाळी उडलो. सूर्य सतत डाव्या खिडकीत हवा, म्हणून तो विमान केसाइतकंही हलू द्यायचा नाही.

"इतका सरळ मी शाळेतही नव्हतो हो," हेडफोनमधून आवाज यायचा.

"अशी मास्तरीण नव्हती ना मिळाली!"

"...मिळाली असती तर नापासच झालो असतो. मुद्दाम."

मी मान खाली घालून आकडे बघत बसायचे. एकही दिसत नसे.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही विमानाच्या सावलीत चहा घेत होतो. कप फिरवत तो म्हणाला, "माझी बदली झालीय. लांब. तुम्ही म्हणालात, तर... नको म्हणून कळवतो. संध्याकाळी उतरल्यावर सांगा."

सांगायचं काय होतं? 'हो' तर ओठांशी आलंच होतं. मी तशीच बसून राहिले... चहा निवला, सूर्य कलला.

आणि आभाळात गेल्यावर आठवलं – दुपारची नोंद राहिली!

उतरल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मग... उन्हाच्या बाई?"

"कसलं मग! तुमच्या गप्पांपायी अख्खा दिवस मातीत गेला!"

चूक माझी, राग त्याच्यावर. "चुकलं माझं," तो म्हणाला. माझी यंत्राची पेटी गाडीपर्यंत नेऊन अलगद ठेवली आणि गेला. बदलीला होकार त्यानं त्याच संध्याकाळी कळवला.

देवानं भरलं ताट समोर ठेवलं आणि मी मिठावरून भांडले. फोन आधी त्यानं करावा, या ताठ्यात तीन महिने गेले.

मग एक दिवस आमचे सर माझी वही चाळत म्हणाले, "अगं, हा दिवस का खोडलास? आदल्या दुपारची नोंद लाव की! सूर्य काय एका रात्रीत बदलतो?"

लावली. एकूण एक आकडा चोख आला. तो दिवस वाया गेलाच नव्हता.

लगेच त्याला फोन लावला.

"उन्हाच्या बाई!" तोच आवाज. इकडचं तिकडचं झालं. मग जरा अडखळत तो म्हणाला, "माझं लग्न ठरलं. गेल्या रविवारी. आईनं विचारलं... मी हो म्हटलं."

"अरे वा! अभिनंदन." कुठून आणला तो आवाज, देव जाणे.

"तुम्ही... कशासाठी केला होता फोन?"

"सहज. आपल्या शेवटच्या दिवसाचे आकडे चांगले आले, तेवढं सांगायला."



"खूप सरळ उडवलं होतं मी त्या दिवशी," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.