छतावरची अस्मिता, खांबावरचा उदय

खांबावर चढलेला माणूस आणि छतावर उभी असलेली मुलगी… समता कॉलोनीच्या त्या अरुंद गल्लीत दोघं नेमकी समोरासमोर आली. मध्ये थोडी हवा आणि चार तारा.

"ओ दीदी! तुमचं सोलर बंद आहे न?"

अस्मिता पॅनलचा नट आवळत होती. तिने पाना खाली ठेवला. "दीदी कोणाले म्हणता? आणि लाइन गेली की ते आपोआप बंद होते. आमची वीज उलटी तारेत शिरली तर खांबावरचा माणूस भाजून निघेल न!"

"म्हणजे माह्या जिवाची काळजी आहे तुमाले."

"कंपनीले आहे," ती म्हणाली… आणि उगाचच लाजली.

हा उदय, वीज खात्यातला लाइनमन. ही अस्मिता, सोलर कंपनीत नुकतीच लागलेली. मे महिन्यात गल्लीतली लाइन सारखी जायची. खांबावर चढण्याआधी उदय तिला फोन करायचा. "बंद आहे न?" "आहे." एवढ्यावर बोलणं संपायला हवं होतं. ते संपायचं नाही.

"साऱ्या दुनियेच्या छतांवर वीज तयार झाली, की माही नोकरी गेली समज," एकदा तो म्हणाला.

"नाही जात. एका देशात दुपार असते तेव्हा दुसऱ्या देशात अंधार. इकडची वीज तिकडे कशी जाईल? तार लागेलच."

"आणि तारेले मी."

"हव… तारेले तू."

अडचण होती ती बंडूकाकांची. रेल्वेतून रिटायर झालेले काका म्हणजे अस्मिताचं पहिलं गिऱ्हाईक; ते छत त्यांचंच. 'आता आमच्या घरचा लाइट जात नाही' असं ते गल्लीभर सांगून बसले होते, आणि लाइट गेला की सगळ्यांबरोबर घाम पुसत होते. काका खूश, तर बाकीची घरंही सोलर घेणार. काका नाराज, तर अस्मिताने दुसरी नोकरी बघावी… कंपनीच्या साहेबांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

एका दुपारी लाइन गेली. अस्मिता गल्लीत शिरत होती, तोच फोन.

"चढून राहिलो. बंद आहे न?"

"आहे—" म्हणता म्हणता ती थबकली. सगळी गल्ली चिडीचूप, आणि एकट्या बंडूकाकांचा कूलर मजेत घरघरत होता! काकांनी कोण्या मिस्त्रीकडून जुना इन्व्हर्टर सोलरला परस्पर जोडून घेतला होता. मेन स्विच पाडायला विसरले असले, तर…

"उदय! हात नको लावू तारेले! उतर… उतर म्हणते न!"

गल्लीभर खिडक्या उघडल्या. ती धावत काकांच्या घरात शिरली आणि बोर्डावरचे सगळे खटके पाडले.

"काहून बंद केलं?" बंडूकाका गरजले. "काढून न्या तुमचं सोलर!"

नोकरी अस्मिताच्या डोळ्यांसमोरून जिना उतरून गेली. "नेते काका. पण ही जोडणी मी ठेवू देणार नाही. वर माणूस आहे."

वनमालाकाकूंनी गॅलरीतून खांबाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "अहो, कूलरसाठी पोट्ट्याचा जीव घेता का? सोलर राहू दे पोरी, ती इन्व्हर्टरची वायर तेवढी काढ."

काकांनी वायर कुठे आहे ते बोटाने दाखवलं. काकूंपुढे ते बोलत नसत.

लाइन जोडून उदय खाली आला, तो हसतच. "कशाले घाबरली? मी टेस्टर लावल्याबिगर तारेले हातच लावत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मंग रोज फोन करून विचारत काहून होता?"

उदय हातमोजे काढायला लागला. ते त्याने आधीच काढलेले होते.

"काहून… सांग न."

"तुझा आवाज ऐकाले."

तेवढ्यात लाइट आला. गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले. अस्मिता हळूच काहीतरी बोलली.

"काय? ऐकू नाही आलं!"

ती पुन्हा बोलली. त्याने कानामागे हात धरला. आता मात्र तिने डोळे घट्ट मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "म्हटलं, मले पण तू आवडतोस!"

नेमका त्याच क्षणी लाइट पुन्हा गेला.

अख्ख्या गल्लीत पान हलल्याचाही आवाज नाही. मग गॅलरीतून वनमालाकाकू म्हणाल्या, "हव पोरी, ऐकलं आम्ही सगळ्यांनी. आता त्याले वर चढू दे… लय गरम होऊन राहिलं."