हरकत नव्हती

तक्रारी तपासणाऱ्या ऋजुता टेंभेकरच्या डोक्यात तिडीक गेली. प्रयोगशाळेतल्या पडद्यावर यंत्राचा निकाल झळकत होता : 'हरकत नव्हती.'

तक्रार कीर्ती ननावरेची होती. स्पर्शवस्त्र चढवलं की ज्यात हिंडता-फिरता येई, त्या आभासनगर नावाच्या संगणकी शहरात ती मुलांना भूगोल शिकवायची. वर्गाकडे जाताना चौकात टोळक्याने तिला घेरलं, नको तिथे हात लावले. वस्त्रामुळे ते हात तिला खरेखुरे जाणवले. अशा वेळी धावून यायला नेमलेला यांत्रिक रखवालदार, 'पाठराखा', मात्र जागचा हलला नाही. उलट खोट्या तक्रारीबद्दल तिलाच नगरबंदी होणार होती. म्हणजे वर्गही गेला.

प्रकल्पप्रमुख खर्डेकरांनी शांतपणे समजावलं. नकोसा स्पर्श झाला की माणूस दचकतो, नाडी उसळते, तळव्यांना घाम फुटतो. पाठराखा वस्त्रातून तेवढंच मोजतो. माणूस खोटं बोलेल, शरीर बोलणार नाही. आणि ननावरेबाईंची नाडी तर अगदी संथ होती.

"सर, बाईच्या रूपात तुम्ही कधी त्या चौकात गेलात?" ऋजुताने विचारलं.

खर्डेकर हसले, आणि तिथल्या तिथे वस्त्र चढवून बाईच्या रूपात चौकात उतरले. उतरतात न उतरतात तोच मागून एक हात त्यांच्या कमरेत शिरला. पडद्यावरची नाडीची रेघ ताडकन उसळली. पाठराखा धावत आला आणि त्याने त्या इसमाला नगराबाहेर हाकललं.

खर्डेकरांनी घाईघाईने वस्त्र उतरवलं. मग म्हणाले, "पाहिलंत ना, टेंभेकर? यंत्र चोख आहे."

ऋजुताने कीर्तीची जुनी नोंद उघडली. पाठराखा नेमण्याआधीची, तिच्या पहिल्या दिवसाची. रेघ हुबेहूब खर्डेकरांसारखीच उसळलेली. मग दिवसागणिक खाली खाली येत सपाट झालेली. सकाळीच कीर्ती तिला फोनवर म्हणाली होती, "रोजचंच झालंय हो. दचकत बसले तर शिकवायचं कधी?"

"चोखच आहे, सर," ऋजुता म्हणाली. संतापाने तिचा आवाज फाटला होता. "ज्याला आजवर कुणी हात लावला नाही, त्याला ते बरोब्बर वाचवतं."

खर्डेकरांनी दोन्ही रेघा पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या.

संध्याकाळी कीर्तीच्या नगरबंदीचा हुकूम निघाला. खरा त्रास कसा दिसतो याचा नमुना म्हणून त्याला खर्डेकरांच्या नाडीची रेघ जोडली होती.