पहिल्या ओळीतली ताई

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या मावसभावासोबत घडलंय. तेही भरदुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी.

तो प्रोग्रामर. हुशार, पण कामात घाईचा. एका लहान रुग्णालयाचं नोंदींचं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं होतं. एकवीस खाटा. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं तिथे येत.

सॉफ्टवेअर तपासायला एक खोटा रुग्ण लागतो. याने पहिल्या ओळीत आपल्या सख्ख्या ताईचं नाव टाकलं. वय, फोन नंबर, सगळं खरं.

"मेल्या, मला साधी सर्दी होत नाही आणि तू थेट ॲडमिटच केलंस?" ताई खूप हसली होती.

ती ओळ काढायची राहून गेली.

त्याच्या साहेबांनी बजावलं होतं, "माणसांनी टाइप केलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत तसाच चिकटवू नकोस. वेगळा पाठव. एखादं अवतरणचिन्ह घात करेल."

"उद्या करतो," हा म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

तिथल्या वयस्कर सिस्टरला एक सवय होती. रुग्ण गेला की त्याचे शेवटचे शब्द लिहायची. शेवटी एक अवतरणचिन्ह, पुढे दोन आडव्या रेघा. वर्षानुवर्षं वहीत तसंच लिहिलेलं.

सॉफ्टवेअर सुरू होऊन दुसराच दिवस. खाट क्रमांक सातवरची बाई गेली. तिला भेटायला कधी कुणी आलंच नव्हतं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरने टाइप केलं...

मला एकटीला ठेवू नका' --

त्या चिन्हापाशी डेटाबेसला वाटलं, मजकूर संपला. दोन रेघा म्हणजे त्याच्या भाषेत 'पुढचं वाचू नकोस', म्हणून पुढचं सगळं त्याने सोडून दिलं. आणि आज्ञेच्या त्या सोडलेल्या भागातच लिहिलेलं होतं, की ही नोंद फक्त खाट सातची.

एकवीस रुग्ण आणि ताई, बावीसच्या बावीस ओळी मृत झाल्या. प्रत्येकीपुढे तेच शब्द.

भावाने धावतपळत सकाळी जपून ठेवलेली प्रत परत चढवली. मजकूर वेगळा पाठवायची सोय केली. दहादा तपासलं. सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी...

सगळ्यात खालची ओळ मृत झाली.

त्याने लॉग, म्हणजे आलेल्या आज्ञांची यादी, पाहिली. कुठलीही आज्ञा आलेली नव्हती. दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. तो रुग्ण खरंच गेला होता.

मग रोज एक. खालून वर.

कुणाला शंका आली नाही. तिथे माणसं जायचीच. फक्त सिस्टर एकदा हळूच म्हणाली, "मी लिहायला बसते, तर नोंद आधीच झालेली असते. आणि खरं सांगू? शब्द बरोबर असतात. हल्ली सगळे जाताना हेच म्हणतात."

भावाला आठवलं, सगळ्यात वर ताई आहे. त्याने पहिली ओळ पुसली.

पान पुन्हा उघडलं...

ताई तिथेच होती.

पन्नासदा पुसली. एक दिवस सर्व्हरच बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी चालू केला, तर एकदम दोन ओळी मृत झालेल्या.

शेवटी तो गाशा गुंडाळून ताईकडे राहायला गेला. तिला काही सांगितलं नाही. नुसता तिच्या मागे मागे.

"काय रे, तुझ्या घरात उंदीर झालेत का?" ती चिडवायची.

ताई धडधाकट. डॉक्टरांनीही तपासून हसत घरी पाठवलं.

काल वरून दुसरी ओळ मृत झाली.

आज जेवणं झाल्यावर त्याचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ताईला जरा डुलकी लागलीय," तो म्हणाला. "झोपेत बोलली."

"काय बोलली?"



"मला एकटीला ठेवू नका, म्हणाली... अरे, मी तिचा हात धरून बसलोय. एक मिनिट सोडला नाही. तरी तिला कोणीच दिसत नाहीये..."

फोन कट झाला.

मी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी होते.

आता साडेतीन वाजलेत. त्याचा फोन आलेला नाही. आणि ताईचा नंबर लावायला माझा हात धजत नाही.