अण्णांच्या गोळ्या का थांबल्या?

आजार अजून अंगात आहे आणि औषध मात्र बंद! असं कुठं असतं होय? चार्वीला काही केल्या हे कोडं सुटेना. तिच्या अण्णांना, म्हणजे आजोबांना, प्रोस्टेट ग्रंथीचा (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते त्या छोट्या ग्रंथीचा) कर्करोग झाला होता. गोळ्यांनी गाठ निम्मी झाली, घरात शिरा झाला, आणि दुसऱ्याच आठवड्यात अण्णांच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. तेही कुणाच्या संशोधनावरून? तर चार्वीच्या सख्ख्या रेणुकाआत्याच्या!

‘यांनी अण्णांची आशाच सोडली,’ चार्वीनं मनाशी पक्कं केलं. पोरगी महाहट्टी. तिनं उरलेल्या गोळ्या पळवल्या आणि घरच्या यंत्रमानवाला, गुंडूला, स्वयंपाकघरात गाठलं.

“गुंडू, ह्या कुटून अण्णांच्या आमटीत टाक. आणि कुणाला सांगायचं नाही हं.”

“नाही टाकणार, चार्वीताई!” गुंडू म्हणाला. त्याला हळू बोलता येत नसल्यामुळे ते सगळ्या घरानं ऐकलं.

आत्या धावत आली. चांगलं खडसावणार होती, पण चार्वीचे डोळे बघून ती तिथंच फरशीवर बसली.

“मला अण्णा हवेत!” चार्वी हुंदके देत म्हणाली.

“मलाही हवेत गं. माझे वडील आहेत ते! चल, कॉलनीतली पोरं गोळा कर. निम्म्यांना म्हणावं, दप्तरं घेऊन या. पुस्तकांनी भरलेली.”

आत्यानं मैदानावर फक्कीनं वीस वर्तुळं आखली. अण्णा कवायतीचे निवृत्त मास्तर. शिट्टी त्यांच्याकडे गेली.

“हे मैदान म्हणजे गाठ,” आत्या म्हणाली. “वर्तुळात उभा राहील तो कर्कपेशी. टेस्टोस्टेरॉन नावाचं एक संप्रेरक असतं (रक्तातून शरीरभर निरोप पोचवणारं रसायन). त्याच्या जोरावर ह्या पेशी वाढतात. गोळी ते बनूच देत नाही. अण्णांची शिट्टी म्हणजे गोळी. वाजली की बाहेर पळायचं, थांबली की रिकामं वर्तुळ पकडायचं.”

“आणि दप्तरवाले?”

“ते चिवट. नाममात्र संप्रेरकावरही तगतात, पण त्यासाठी जादा राबावं लागतं. तेच हे ओझं. त्यांनी शिट्टीला दाद द्यायची नाही.”

सुरुवातीला वर्तुळांत सतरा मोकळी पोरं आणि तीन दप्तरवाले होते; बाकीचे दप्तरवाले बाहेर. अण्णांनी न थांबता शिट्टी फुंकली. सतराही पळाली. मग काय, बाहेरचे दप्तरवाले रमतगमत आले आणि रिकामी वर्तुळं बळकावून बसले. अण्णांचे गाल फुगून लाल झाले, पण एकजण हलेल तर शपथ!

“बघितलंस? आता गोळी फुकट,” आत्या म्हणाली. “पुन्हा पहिल्यासारखे उभे राहा. अण्णा, निम्मी वर्तुळं रिकामी झाली की थांबा.”

ह्या वेळी शिट्टी मध्येच थांबली. रिकाम्या जागांकडे सगळीच धावली. दप्तरवाले धापा टाकत पोचेपर्यंत मोकळ्या पोरांनी वर्तुळं पटकावलीसुद्धा! एकच हशा पिकला.

चार्वी जागच्या जागी उडाली. “आत्या! साध्या पेशीच चिवट पेशींना जागा मिळू देत नाहीत! म्हणून साध्यांना मुद्दाम ठेवायचं!”

“शाब्बास! आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन) वाढलं की गोळी पुन्हा सुरू. मात्र हे प्रत्येक रुग्णाला चालेलच असं नाही. ते डॉक्टरच ठरवणार, आमटीत गोळ्या टाकणाऱ्या मुली नव्हे.”

चार्वी लाजली आणि तिनं खिशातल्या गोळ्या काढून दिल्या.

“आणि माझं विचाराल तर,” अण्णा म्हणाले, “गोळी थांबल्यापासून अंगातून निघणाऱ्या त्या गरम वाफाही थांबल्यात. झकास वाटतंय!”

चार महिन्यांनी पीएसए वाढलं. बाबांचा चेहरा पडला, पण चार्वीनं त्यांनाच धीर दिला. गोळ्या सुरू झाल्या आणि आकडा मुकाट खाली आला. घरात पुन्हा शिरा झाला.

“असं किती वर्षं चालेल गं, आत्या?” चार्वीनं हळूच विचारलं.

“नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त, अशी आशा आहे. नक्की किती, तेच मी शोधतेय.”

“लवकर शोध. तुला नाही जमलं तर मी शोधीन. पण मला मोठं व्हायला वेळ लागेल.”

अण्णांनी तिला जवळ ओढलं. “लागू दे की वेळ. निवांत मोठी हो. मी आहे.”