कोसाचा धागा

आमच्या भागात त्या जपानी कंपनीची जुनी गाडी घेताना कुणी इंजिनाबद्दल विचारत नाही. विचारलं तर विकणारा रागावतो. डिझेल टाका, ऑइल बदला, चालवा, एवढंच तो सांगतो. रंग उडतो, सीटा फाटतात, दारं करकरतात, पण गाडी वाटेत सोडत नाही, असा या गाड्यांचा लौकिक आहे, आणि मालक तो लेकराच्या मार्कांसारखा येईल त्याला ऐकवत असतात. मी शहापूरच्या एका खासगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतो, त्यामुळे असल्या भक्तीकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहतो. तरी घ्यायची वेळ आली तेव्हा मीही तीच गाडी घेतली.

ती आंधळगावच्या सुखरामजींकडे होती. पांढरी, सात सीटची. सुखरामजी कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात. साड्यांचे गठ्ठे नागपूरला न्यायला त्यांनी ती ठेवली होती. दार उघडलं की आत कोसाचा वास यायचा, ओलसर आणि किंचित कडवट. मी बॉनेट उघडून कान लावला. खोड काढायची सवय असलेल्या माणसाला कसंसंच वाटावं, इतकं ते इंजिन शांत चालत होतं.

चहा घेताना मी सुखरामजींना कंपनीची गोष्ट सांगितली. नव्या पोरांना पहिल्या दिवशी वर्गात सांगतो तीच. ही कंपनी मुळात मोटारींची नव्हे, मागांची. एका सुताराच्या मुलाने आईला मागावर राबताना पाहिलं आणि सुधारलेले माग बनवायला घेतले. पुढे त्याने असा माग केला, की एक धागा तुटला तरी तो आपला आपण थांबावा. म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जाऊ नये. मोटारी त्याच्या मुलाने आणल्या. विणणाऱ्या माणसाला हे ऐकून मजा वाटेल असा माझा अंदाज होता. सुखरामजी हसले नाहीत. बशी खाली ठेवून त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"मंग बरोबर आहे जी," ते म्हणाले.

"काय बरोबर?"

"थांबते ते. कधी कधी. मी सांगणारच होतो तुमाले." आरशाला कोसाच्या धाग्याची एक कांडी टांगलेली होती. ती त्यांनी दाखवली. "थांबली तं लगेच चावी नका मारू सर. खाली उतरा, हा धागा घ्या, दाराले एक गाठ मारा. मंग चालू करा. तसीच चालू नका करू."

"अन् केली तर?"

"धागा तुटल्यावर माग तसाच हाणला तं काय होते? कपडा तं होते. पण तेवढी एक जागा रिकामी राहते. शेवटपर्यंत."

घरी येऊन मी डिझेल फिल्टर बदलला. कांडी मात्र राहू दिली. दिसायला बरी होती.

आम्ही कारध्याला राहतो. पूल ओलांडला की भंडारा, आणि तसंच पुढे गेलं की शहापूर. गोसेखुर्द धरणाचं पाणी मागे सरकत इथवर आल्यापासून आमची वैनगंगा वाहत नाही, नुसती पसरून असते. पौषातल्या सकाळी तिच्यावर असं धुकं बसतं की पुलाचे कठडे तेवढे दिसतात. अशाच एका सकाळी पुलाच्या मध्यावर गाडी थांबली.

बंद पडणारी गाडी आधी काहीतरी बोलते. धक्का देते, खोकते, थरथरते. ही काहीच बोलली नाही. आवाज संपला आणि ती हलकेच उभी राहिली. धुक्यात मागेपुढे कुणी नव्हतं. एरवी या पुलावर ट्रकांमुळे स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्या वेळी मला काचेवरचं दव ओघळताना ऐकू आलं, असं मी शपथेवर सांगेन. आरशाजवळची कांडी हळूहळू फिरत होती आणि तिचा धागा आपोआप सुटत होता.

मला राग आला. मोटार मेकॅनिकच्या मास्तरची गाडी भर पुलावर बंद, आणि पोरांच्या मोटारसायकली मागून यायची वेळ. मी चावी मारली. एका चावीत सुरू झाली. "पाहा, झाली का नाही चालू?" मी मोठ्याने म्हणालो. कुणाला म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.

भंडाऱ्यात शिरल्यावर मी एका शाळेच्या गल्लीत वळलो आणि फाटकासमोर थांबलो. चौकीदाराने ओळखीचा हात केला. मीही केला. मग आपण इथे कशाला आलो ते कळेना. फाटकातून निळ्या गणवेशातली पोरं आत जात होती. मी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा त्याच गल्लीत वळले. तिसऱ्या दिवशीही. चौकीदार रोज हात करत होता, फक्त आता तो गाडीच्या मागच्या सीटकडे वाकून पाहायचा आणि मग माझ्याकडे.

त्याच आठवड्यात तृप्ती, माझी बायको, ओट्याशी एक छोटा डबा भरताना दिसली. तूपसाखरेची पोळी, गुंडाळून.

"हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मी कधी गोड नेतो का?"

ती हसली. मग तिने त्या डब्याकडे पाहिलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "काहून भरला मी हा?" ती म्हणाली. डबा माझा नव्हता, तिचा नव्हता. आमच्या घरात कधी पाहिल्याचंही आठवत नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघं शोधत सुटलो, आणि शोधणाऱ्याला सापडतंच. गाडीचं मागचं दार आतून उघडेना. लहान मुलांनी दार उघडू नये म्हणून जो खटका असतो, तो लावलेला होता. तो मीच लावला असणार, दुसरं कोण लावणार? मागच्या सीटखाली केसांना लावायची लाल क्लिप सापडली. आणि आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकीवर एक. सर्वांत वरची माझ्या कमरेपाशी. रेघांशेजारचं अक्षर माझं होतं, पण नुसतंच "पाडवा", "दिवाळी", "पाडवा" लिहिलेलं. नाव कुठेच नव्हतं.

आम्हाला मूल नाही, हे तोवर माझ्यासाठी एक साधं वाक्य होतं. आल्यागेल्याने विचारलं की सांगायचं आणि विषय बदलायचा. त्या दिवशी मी चौकटीशी खाली बसलो आणि रडलो. कुणासाठी ते माहीत नसताना रडणं फार वाईट. डोळ्यांपुढे आणायला चेहराही नसतो. तृप्ती रडली नाही. तिने वरच्या रेघेवर तळहात ठेवला, डोक्यावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "त्या माणसाकडं चला."

सुखरामजी मागावर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी धोटा बाजूला ठेवला. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "चावी मारली ना जी तुमी?"

मी मान हलवली. त्यांच्या मागाशेजारी कांड्या भरायचा एक रहाट होता, मोठ्या माणसाला पाठ मोडून बसावं लागेल इतका बुटका. हा कुणाचा, असं तृप्तीने विचारलं.

"मलेही नाही माहीत बाई. रोज पुसून ठेवतो." ते रहाटाकडे बघतच बोलत होते. "मीबी पहिल्यांदा कारध्याच्या पुलावर चावीच मारली होती. साड्या द्याची घाई होती. मंग घरी आलो तं हा इथं होता. कोणी विचारते, कोणाचा? काय सांगू?"

"परत येतं का गेलेलं?" तृप्तीने सरळ विचारलं.

सुखरामजींनी मागावरच्या कापडावरून बोट फिरवलं. "कपड्यात तं येते. तुटलेलं टोक सापडलं पाह्यजे. गाडी जिथं थांबली तिथंच न्या. धागा दाराले बांधा, दुसरं टोक बाहेर सोडा अन् नाव घ्या. ओढ लागली का गाठ मारा. एका गाठीले एकच धागा, बाई. दुसरा ओढाल तं पयला सुटन."

"तुम्ही केलं नाही?"

"नाव पाह्यजे ना." त्यांनी पुन्हा धोटा हातात घेतला. "माह्याजवळ नाव असतं तं मी गाडी विकली असती का?"

परतताना तृप्ती मागच्या सीटवर बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही पुलावर गेलो. पाण्यावर पिवळा उजेड होता आणि काठच्या शेतांमधून धानाच्या जाळलेल्या तणसाचा धूर पुलावर येऊन रेंगाळत होता. मध्यावर आलो. ब्रेकवर पाय जायच्या आत गाडी उभी राहिली. मागचे ट्रक, पुढचे ट्रक, एक बैलगाडी, सगळं धुरात विरघळत गेलं आणि आवाज बंद झाला. मी कांडी काढून मागे दिली. तृप्तीने धागा दाराच्या हँडलला बांधला, काच खाली केली आणि मोकळं टोक बाहेर सोडलं.

"रक्षा," ती म्हणाली.

धागा लोंबत राहिला.

लग्नानंतर आम्ही दोघांनी कधी गमतीने ठरवलेली नावं तिने आधी घेतली. उर्वशी. रीना. मग शेजारपाजारच्या पोरींची. ती हाक मारत नव्हती, विचारत होती. प्रत्येक नावानंतर थांबायची, कान द्यायची. उजेड पाण्यावरून सरकत नाहीसा होत चालला. शेवटी नावं संपली आणि ती मावश्या-आत्यांची नावं घेऊ लागली.

"सरिता. रुखमिणी. चंद्रकला."

धागा ताठ झाला.

तृप्तीने दोन्ही हातांनी धागा धरला. बाहेर धूर होता. धुरातून ओढ येत होती, मासा गळाला लागल्यासारखी, पण हलकी.

मी उतरून मागचं दार उघडलं. गाठ मला मारायची होती. कोसा बोटांतून निसटत होता.

एका लहान हाताने तो माझ्याकडून घेतला.

ती सीटवर बसलेली होती. कधी चढली, मी पाहिलं नाही. नऊ-दहा वर्षांची, तेल लावून दोन वेण्या. तिने दोन टोकं जुळवली, अंगठ्याखालून एक वेढा घेतला, दातांनी ओढलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ झाली होती. इतकी बारीक की दिसेना.

मी दार लावून पुढे येऊन बसलो. चौकटीवरची वरची रेघ माझ्या कमरेपाशी होती. ही पोर उभी राहिली तर माझ्या छातीला लागली असती.

"बा कुठं आहे माहा?" तिने विचारलं.

"येते हो तुहा बा," तृप्ती म्हणाली. तिने पोरीला जवळ ओढून घेतलं होतं आणि तिच्या केसांचा वास घेत होती.

"तृप्ती," मी म्हणालो. "हे आपली नोहे. त्या रहाटावरची आहे."

"मले माहीत आहे."

तेवढ्यात खिडकीतून बाहेर पडलेला उरलेला धागा हलला. थांबला. पुन्हा हलला. ही ओढ पहिलीपेक्षा कमी होती आणि खूप खालून येत होती.

तृप्तीनेही ते पाहिलं. मी आरशात तिचा चेहरा पाहत होतो. तिने धाग्याकडे पाहिलं, मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. मी दाराकडे हात नेला.

"नका," ती म्हणाली. "हे पोर सुटन."

"अन् आपली?"

तिने पोरीचं तोंड आपल्या पदराकडे वळवून घेतलं आणि दुसऱ्या हाताने काच वर केली. धागा काचेत अडकला.

"चला घरी," ती म्हणाली. "लेकराले थंडी वाजून राहिली."

मी चावी मारली. धूर मागे गेला, ट्रक आले, हॉर्न आले. मी कारध्याकडे निघालो. पूल संपेपर्यंत बाजूच्या आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं.

चालत्या गाडीबाहेरचा धागा वाऱ्याने मागे उडायला हवा होता. तो उडत नव्हता. दाराला लागून तिरपा खाली, कमरेएवढ्या उंचीवर, ताणलेला होता आणि गाडीबरोबर येत होता. मी वेग वाढवला. तोही धावू लागला.